अंगात आलेली भीती

मी एका जागी फार वेळ बसू शकत नाही, हे आधीच सांगून टाकते. एवढं वाक्य लिहून मी उठले आणि गॅस बंद आहे का ते बघून आले. गॅसवर काही ठेवलेलंच नव्हतं.

माझं कामही उभ्याउभ्याचं. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये मी रंग जुळवते. व्यापारी कापडाचा एक तुकडा पाठवतो, "असाच पाहिजे" म्हणतो, आणि आम्ही थेंबथेंब रंग मिसळून अगदी तसाच तुकडा काढायचा. त्यासाठी आमच्याकडे एक काळा डबा आहे, त्यात वेगवेगळे दिवे. ट्यूबखाली हुबेहूब जुळलेला मोरपंखी पिवळ्या दिव्याखाली हिरवट दिसतो. नवी पोरं गोंधळतात आणि रंग बदलला म्हणून ओरडतात. मी त्यांना खेकसून सांगते, कापड तेच आहे, दिवा बदलला. इतकं शहाणपण मी दिवसभर वाटत असे आणि संध्याकाळी घरी रिकाम्या हाताने येत असे, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्यांदा झालं ते शेअर रिक्षात. डिंडोलीच्या घरून निघून सचिनच्या रस्त्याला लागलो होतो. पुढे कापडाच्या ताक्यांनी भरलेला ट्रक अडकलेला, मागे बस, मी दोन बायकांच्या मधे चेपलेली. काहीही कारण नव्हतं. सकाळी भाकरी खाऊन निघाले होते, कुणाशी भांडण झालेलं नव्हतं, जे माझ्या बाबतीत विशेष म्हणायचं. आणि एकदम छातीत कुणीतरी लूम चालू करावा तशी धडधड सुरू झाली. हाताला मुंग्या, तळव्यांना घाम, श्वास वरच्यावर. डोक्यात एकच वाक्य: मी इथेच मरणार आणि कुणाला कळणारसुद्धा नाही. शेजारची बाई मोबाइलवर हसत होती. मी रिक्षा थांबवून उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसकण मारली.

मेले नाही. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, छाती ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. नंतर गल्लीतले सगळेच डॉक्टर झाले आणि सगळ्यांनी गॅसच सांगितला. ओवा खाऊन खाऊन माझं तोंड जळलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मग सुरू झाली माझी सामग्री. पर्समध्ये पाण्याची बाटली, लिंबू, नाकाला लावायला अर्धा कांदा, हातात मोबाइल, त्यावर नवऱ्याचा नंबर तयार. रिक्षात कडेचीच जागा, नाही मिळाली तर पुढची रिक्षा. पुढे तेही जमेना, तेव्हा नवरा मोटरसायकलवर सोडायला लागला. तो वाटेतल्या भेस्तानला एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर, मला सोडून परत मागे यायचं म्हणजे रोज उशीर. बोलला कधीच नाही. तो बोलत नाही याचाही मला राग यायचा. सासूबाई मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकायच्या, ठसका आला नाही की म्हणायच्या, नजर कडक शे. घरातले सगळे माझ्या भीतीची अशी सरबराई करत होते की ती कशाला जाईल? शेवटी लॅबच्या साहेबांनी सांगितलं, बरी हो, मग ये. किती दिवस थांबतील ते सांगितलं नाही.

अशात श्रावण आला आणि कानबाई आली. खानदेशातून सुरतेला आलेल्या आमच्या लोकांनी गाव सोडलं, शेतं सोडली, पण कानबाई सोडली नाही. रविवारी नारळाला नथ घालून, लुगडं नेसवून देवी बसवायची. घरच्या प्रत्येक माणसाच्या नावाने गहू मोजून घ्यायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. आणि सोमवारी सकाळी पाटावरची कानबाई डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर न्यायची. आमच्या घरी हा मान थोरल्या सुनेचा. सासूबाईंनी तो कित्येक वर्षं निभावला. नवी नवरी म्हणून त्या सुरतेला आल्या, त्याच श्रावणात त्यांच्या अंगात आलं, आणि मग दरवर्षी येत राहिलं. गल्ली त्यांना मानायची. गुडघे गेले तसं तेही थांबलं, आणि पाट माझ्या डोक्यावर आला.

त्या वर्षी मी नको म्हणाले. नवराही म्हणाला, राहू दे तिला. सासूबाई म्हणाल्या, "घरमां धडधाकट सून ऱ्हाइसन माय काय दुसरानी उचलवी?" झालं.

सोमवारी सकाळी जागरणाने डोळे जळत होते, पोटात काही नव्हतं, कारण देवी पाण्यावर जाईपर्यंत खायचं नाही. दोन्ही हात पाटाला. म्हणजे बाटली नाही, कांदा नाही, मोबाइल नाही. पुढे बँड, बायकांच्या फुगड्या, ऊन. तळ्याच्या वाटेवर गर्दी दाटली आणि मला ते येताना कळलं, पावलांकडून वर चढत येताना. हात थरथरायला लागले, पाट थरथरायला लागला, नथ हलायला लागली. श्वास हू-हू असा वाजायला लागला. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "माय उनी! माय उनी वं!" म्हणजे माय आली, माझ्या अंगात.

मला वाटलं, आता कुणीतरी पाट घेईल आणि मला सावलीत बसवेल. कसलं काय. बायका पदर पसरून पायांवर पडायला लागल्या. कपाळावर कुंकवाचा थर. एकीने लेकाच्या लग्नाचं विचारलं, एकीने नवऱ्याच्या दारूचं. मी मरत होते आणि लोक माझ्याकडे मागणं मागत होते. मी कशीबशी एवढंच म्हणाले, "पानी."

पाणी मला प्यायला हवं होतं. पण समोर जी बाई वाकलेली होती, तिच्या नव्या घराचं नळाचं कनेक्शन कधीपासून अडकलेलं होतं. पुढच्याच आठवड्यात तिच्या घरी नळ आला. झाली मी देवी.

दर मंगळवारी बायका नारळ घेऊन यायला लागल्या. आता खरं सांगते, सुरुवातीला मला बरं वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा बसल्या जागी चहा मिळाला, तोही आलं घालून. कुणी गॅस म्हणेना. सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या, जसं मी त्यांचं हरवलेलं काहीतरी शोधून आणलं. पण मंगळवार जवळ आला की मी तास मोजायला लागायचे. थरथर आली तर मरणाची भीती, नाही आली तर बायका तोंडाकडे बघत बसलेल्या. आधी मला रिक्षाची भीती होती, आता माझ्याच ओसरीची. आगीतून उठून फुफाट्यात पडले. आणि सचिनची नोकरी रोज थोडी थोडी लांब जात होती. कुणीतरी दुसरी बाई माझ्या काळ्या डब्यासमोर उभी असेल, या विचाराने मी घरभर चकरा मारायचे.

नवऱ्याने कुठूनतरी एक मानसोपचाराची बाई शोधून काढली. घरी सांगितलं, दात दाखवायला जातो. त्या पावसाळ्यात माझे दात फारच बिघडले.

बाई गुजराती, माझ्यापेक्षा वयाने लहान, आणि माझं ऐकताना जराही हळहळली नाही. मला ते आवडलं नाही. मी हिंदी-गुजरातीची खिचडी करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, रिक्षात काय होईल असं वाटतं? मी म्हणाले, धडधड होईल. ती म्हणाली, "पछी?" म्हणजे मग? मग श्वास अडकेल. "पछी?" मग मी पडेन. "पछी?" मग लोक जमतील, मी मरेन, इथेच मरेन आणि कुणाला कळणारसुद्धा नाही! मी ओरडलेच. तिने पाण्याचा पेला पुढे केला नाही. म्हणाली, आजवर एवढ्या वेळा झालं, एकदा तरी पडलात? मी विचार केला. पडले नव्हते. बसले होते, पळाले होते, देवी झाले होते, पण पडले नव्हते.

मन चिंती ते वैरी न चिंती. शाळेत ही म्हण मी निबंधात घातली होती आणि बाईंनी शाबासकी दिली होती. निबंधात घालणं सोपं असतं.

पुढच्या वेळी तिने मला खुर्चीवर बसवून जोरजोरात, भराभर श्वास घ्यायला लावला. मी घेतला. हाताला मुंग्या, ओठ बधिर, छातीत धडधड, आणि मग थरथर. तीच. अगदी तीच. ती एसी खोली, प्लास्टिकची खुर्ची, टळटळीत दुपार, ना नारळ ना बँड, आणि कानबाई हजर. मी श्वास सोडून दिला आणि ती हळूहळू उतरली. मला इतका संताप आला की मी पर्स घेऊन उठलेच. म्हटलं, म्हणजे मी सगळ्या बायकांसमोर नाटक करत होते का?

"ना," ती म्हणाली. "थरथर साची छे. पण एनो अर्थ कोणे आप्यो?"

थरथर खरी आहे, पण तिचा अर्थ कुणी दिला? रिक्षात मी अर्थ दिला: मरण. तळ्याच्या वाटेवर गल्लीने दिला: माय. तिने देवीबद्दल एक शब्द वावगा काढला नाही, तो माझा विषय नाही म्हणाली. मी परत बसले. मला तो काळा डबा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. नव्या पोरांवर खेकसायला मी मोठी तयार!

गृहपाठ मिळाला. शेअर रिक्षात बसायचं, मधल्या जागेवर, बाटलीशिवाय, कांद्याशिवाय, मोबाइल पर्समध्ये. भीती आली तर येऊ द्यायची, उतरायचं नाही, ती आपण होऊन कुठवर चढते आणि कुठून उतरते ते बघायचं. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी मी रिक्षाचा दांडा समजून शेजारणीची छत्री घट्ट धरून ठेवली होती. एकदा तर भेस्तानलाच उतरून पळाले आणि घरी येऊन सगळ्यांवर ओरडले. पुन्हा गेले. एकदा रिक्षाच्या आरशात ओळखीचं हेल्मेट दिसलं. नवरा मागून मोटरसायकलवर येत होता, गुपचूप, काळजीने. मी रिक्षा थांबवली आणि भर रस्त्यात त्याच्याशी भांडले. तुला कुणी सांगितलं होतं, मी काय लहान आहे का, तू मागे असल्यावर माझी भीती कशाला जाईल! तो हेल्मेट काढून गरिबासारखा उभा. भांडता भांडता माझ्या लक्षात आलं, धडधड केव्हाच थांबली होती. त्याला परत पाठवलं आणि पुढच्या रिक्षात मधल्या जागेवर बसले.

अशी धडपडत मी परत लॅबमध्ये पोचले. साहेबांनी जागा ठेवली होती, पण आता पुन्हा सुट्टी मिळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मंगळवार आपोआप बंद पडला, कारण मंगळवारी मी कामावर असायचे. बायका येऊन परत जायच्या. सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या आणि तोंड फिरवायच्या.

पुन्हा श्रावण आला. सासूबाईंनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं, औंदा माय बोलेल. ओसरीचा एक कोपरा त्यांनी देवी म्हणून माझी गादी मांडायला धरला आणि नवऱ्याला तिथे फरशी बसवायला सांगितलं. फरशीचा नमुनाही पसंत करून झाला होता. म्हणजे ह्या खेपेला मी थरथरले की संपलं, कोपऱ्यात बसवतील, आणि त्या कोपऱ्यातून उठून रोज सचिनला जाणारी देवी कुणी पाहिलीय? पाट नाकारावा, तर तेही पळणंच. मानसोपचाराच्या बाईकडे गेले. ती म्हणाली, थरथर आली तर? येऊ दे. "पछी?" बायका पाया पडतील. "पछी?" हा प्रश्न घेऊनच मी घरी आले.

सोमवारी पाट डोक्यावर घेतला. सासूबाई माझ्या मागे, पाटाला हात लावून. मी मनात म्हणत होते, नको येऊस, नको येऊस. असं म्हटलं की ती येतेच, हे ठाऊक असूनही म्हणत होते. तळ्याच्या वाटेला लागलो आणि आली. हात, पाट, नथ. मागून हाक उठली, "माय उनी! माय उनी!" बायका वाकायला लागल्या.

मी थांबले. आवाज कसा निघाला कोण जाणे, पण बँडच्या वर निघाला. "माय नही उनी! माले भ्याव वाटी राह्यनं!"

भीती हा शब्द ऐकून फुगड्या थांबल्या. बँडवाल्याला कळलंच नाही, तो वाजवत राहिला. मग एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "मायच बोली राह्यनी."

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, "मावशी, मी बोली राह्यनी. मी. उद्या माले सचिनले कामवर जावानं शे. मंगळवारले कोनी नारळ आनू नका." आणि मी चालायला लागले. थरथरतच. हात थांबवायचा प्रयत्न केला नाही, श्वास धरला नाही. ज्यांना पाया पडायचं होतं त्या पडल्या, पण पाटावरच्या कानबाईच्या. तळ्याशी पोचून पाट उतरवला तेव्हा माझे हात नेहमीसारखे होते. ते कुठे थांबले, हे मलाही कळलं नाही. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मागे वळून बघितलं, तर सासूबाईंचा चेहरा उतरलेला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पाण्याकडे बघत होत्या.

घरी आलो. माझा आनंद पार गेला होता. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी घरात ह्या खोलीतून त्या खोलीत करत होते. उरलेल्या पिठाचे रोट करायचे होते, ते मळायला घेतलं. दुपारी त्या आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. शिव्या देतील, असं वाटलं. मी उत्तरंही तयार ठेवली होती, सगळी तिखट.

"तुले जे व्हयनं," त्या म्हणाल्या, "ते भ्याव व्हतं?"

"हा, आत्याबाई."

"निस्तं भ्याव?"

"हा."

त्या गुडघे चोळायला लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंग मन्हा अंगमां काय व्हतं?"

मी रस्त्यावर ओरडले ते माझ्यापुरतं होतं. पण ती हाक मागे पाटाला हात लावलेल्या बाईच्या सगळ्या श्रावणांना खोटं पाडून गेली होती, आणि ओरडताना मला त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. फार वाईट वाटलं. जिभेवर आलं होतं, तुमचं खरं होतं, आत्याबाई, तुमच्या अंगात मायच यायची. असं म्हटलं असतं तर त्या उठून चहा करायला गेल्या असत्या आणि आम्ही पुन्हा कधी ह्यावर बोललो नसतो. पण मला काय ठाऊक, त्यांच्या अंगात काय होतं? अर्थ देणारी मी कोण?

"माले म्हाईत नही," मी म्हटलं. "तुम्हीन सांगा. तव्हय तुम्हले काय वाटे?"

हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. लेकाच्या लग्नाचं विचारलं होतं, नवऱ्याच्या दारूचं विचारलं होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"तुना सासरा रातपाळीले जाये," त्या म्हणाल्या. "एक खोली, तिले खिडकी नव्हती. भीतनामांगे लूम वाजेत. गावनं कोनी नही, बोलाले कोनी नही, आठली बोली समजे नही. छातीमां धडधड व्हये. नि माले वाटे, मी आठेच मरी जासू, नि कोनले कळाव बी नही."

पीठ माझ्या हाताला तसंच लागलेलं होतं. मी परात बाजूला सरकवली आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.

"मंग?" मी म्हटलं.

त्या सांगत राहिल्या. मी उठले नाही.